माझ्या म्हातारपणाचे जामीनदार

एक तारखेला सकाळी अकरा वाजता आमच्या लातूरच्या कार्यालयात पगार वाटला गेला आणि केरबा शिपायाच्या पगारातून माझ्या कर्जाचा हप्ता कापला गेला. घडलं ते एवढंच. पुढचं सगळं त्याचे परिणाम.

माझा हिशेब चुकला नव्हता, हे आधीच नोंदवून ठेवतो. मी हिशेबात चुकत नाही. कार्यालयातले बाकीचे लोक येत्या बाजाराच्या पलीकडचा विचार करत नव्हते, तेव्हा मी पंचविशीत माझ्या निवृत्तीपर्यंतचा विचार करून मोकळा झालो होतो. पगारातून फंडात जाणारी रक्कम नियमात बसेल तितकी वाढवली. पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता कमीत कमी ठेवला. कर्ज काय, आज ना उद्या फिटतं. म्हातारपण मात्र एकदा आलं की परत जात नाही! या हिशेबानं मी आमच्या मुखेडच्या बाजारात बसणारा सर्वांत निवांत म्हातारा होणार होतो.

कर्ज काढण्याचं कारण जिल्हा. उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघालं, कार्यालयं इकडं आली, त्यांच्यामागं आम्ही कारकून आलो आणि आम्ही एसटीतून ट्रंका उतरवायच्या आत इथल्या घरमालकांनी भाडी दुप्पट केली. खोलीची अनामत भरायला सगळ्यांनीच कर्मचारी पतसंस्थेत अर्ज टाकले. कर्जाला जामीन लागतो आणि तो त्याच कार्यालयातला लागतो. आम्हाला तर अजून एकमेकांची आडनावंही पाठ नव्हती. मग एका शनिवारी चहा मागवला आणि पंगतीत भात वाढावा तशा ओळीनं सह्या केल्या. मला जामीन केरबा. केरबाला जामीन टंकलेखक भुजंग. भुजंगाला वीरण्णा, म्हणजे आमची पगारबिलं करणारे बुजुर्ग कारकून. वीरण्णांना खुद्द साहेब. नव्या जिल्ह्यातली ही एकी पाहून साहेबांना गहिवरून आलं होतं.

आता नियम असा की, सगळ्या कपाती होऊन पगाराचा तिसरा हिस्सा तरी माणसाच्या हातात पडला पाहिजे. मी फंडाची रक्कम अशी बेतली होती की, हप्ता जाऊन बरोबर तिसरा हिस्सा उरावा. वर एक रुपया नाही. आणि त्याच महिन्यात आमच्या संघटनेनं ठराव केला की, पाऊस पडेपर्यंत प्रत्येकानं दर महिन्याला एक दिवसाचा पगार दुष्काळनिधीला द्यायचा. ठरावाला पहिली टाळी मी वाजवली. दुष्काळ मला नळात दिसत होता. तो पगारबिलात शिरेल, हे लक्षात आलं नाही.

एक दिवसाचा पगार वजा झाल्यावर माझ्या हातात तिसऱ्या हिश्शाहून थोडं कमी उरू लागलं. वीरण्णा सकाळची लिंगपूजा आणि कार्यालयाचा नियम, दोन्ही चुकवत नाहीत. त्यांनी माझा हप्ता कापलाच नाही. संस्थेनं तो जामिनाकडून, म्हणजे केरबाकडून वसूल केला. त्यानं केरबाचा पगार तिसऱ्या हिश्शाखाली आला आणि त्याचा स्वतःचा हप्ता भुजंगावर गेला. भुजंगाचा वीरण्णांवर. वीरण्णांनी स्वतःचं बिल दोनदा तपासलं, कपाळाचं भस्म पुसलं आणि आपला हप्ता साहेबांच्या नावावर टाकला. साहेब टंचाईच्या दौऱ्यावर होते, म्हणून ती दुपार शांततेत गेली.

माझा हप्ता केरबाच्या हप्त्याहून मोठा होता, आणि वरच्या त्या पैशातून त्याला पाण्याचं पिंप घ्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो दोन घागरी घेऊन माझ्या दारात उभा.

"पिंप तर आता येत न्हाई. तुमच्या मालकाच्या हौदातलंच नेतो म्हणलं," तो म्हणाला. "तुम्ही फंड भरा, मी घागरी भरतो."

त्या दिवसापासून माझी आंघोळ तांब्यावर आली. मी वीरण्णांकडं गेलो आणि फंडाची रक्कम जरा उतरवा म्हणालो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मल्लू, चढवताना म्हणलो होतो का न्हाई, जरा दम धर? आता एप्रिल लागेपर्यंत उतरत न्हाई. नियम हाय."

पुढच्या एक तारखेला हेच सगळं पुन्हा घडलं. फरक एवढाच की, साहेब दौऱ्यावरून परतले होते. आणि नेमके त्याच दिवशी माणिकप्पा आले.

माणिकप्पा हे उदगीरचे आडतव्यापारी. त्यांच्या शिवगंगाशी माझं लग्न जवळपास ठरलं होतं. मुलगी मी पाहिली होती, मला ती फार आवडली होती, आणि हे मी कुठलाही हिशेब न करता सांगतो. पण आमच्याकडं मुलाची चौकशी घरी करत नाहीत. घरी सगळेच गुणी असतात. चौकशी नोकरीच्या जागी होते.

मी आतल्या खोलीत होतो. माणिकप्पांनी दारातल्या केरबाला विचारलं, पोरगा कसा आहे, देणं-बिणं काही आहे का.

"पोरगा लई चांगला हाय," केरबा म्हणाला. "देणं हाय, पण त्याची तुम्ही फिकीर करू नका. ते मी भरून राहिलो."

शिपाई कारकुनाचं कर्ज भरतो, हे माणिकप्पांनी उभ्या हयातीत ऐकलं नव्हतं. ते खुर्चीत बसले. तेवढ्यात भुजंगानं टंकलेखन थांबवून सांगितलं की, केरबाचं मी भरून राहिलो. वीरण्णांनी मान वर न करता भुजंगाचं आपण भरतो म्हणून सांगितलं. आतून साहेब बाहेर आले, त्यांच्या हातात त्यांचंच पगारबिल होतं, आणि वीरण्णांचं कर्ज आपण का भरायचं, हे त्यांना सगळ्यांसमोर जाणून घ्यायचं होतं.

तेवढ्यात मी बाहेर आलो. माणिकप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"हे तुमचं भरतेत," त्यांनी केरबाकडं बोट केलं. "त्याचं ते भरतेत. त्यांचं हे भरतेत. मग तुम्ही कुणाचं भरून राहिलात?"

"माझं म्हातारपण, मामा," मी म्हणालो.

मी फंड समजावून सांगितला. चक्रवाढ सांगितली. साठाव्या वर्षी माझी स्थिती काय असेल, ते आकड्यानिशी सांगितलं. माणिकप्पांनी सगळं ऐकून घेतलं. ओळखीच्या गिऱ्हाईकाला नाही म्हणायच्या आधी व्यापारी ऐकतो, तसं.

"आमच्या आडतीत दोन जामीन असल्याबिगर पोतंसुद्धा उधार जात न्हाई," ते उठत म्हणाले. "ही तर पोरगी हाय. दोन जामीन आणा. लग्न करून देतो."

मी विनोद समजून हसलो. एकटाच हसलो.

एक जामीन त्याच दिवशी मिळाला. केरबानं लगेच होकार दिला. त्याचं म्हणणं असं की, एकटा माणूस उद्या बदली घेऊन नांदेडला पळतो, बायकोचा माणूस पळत नाही, आणि मी पळालो तर हप्ता कायमचा त्याच्याच गळ्यात. दुसऱ्या जामिनासाठी मी भुजंगाला विचारलं, वीरण्णांना विचारलं. साहेबांना विचारायला गेलो, तर ते पुन्हा दौऱ्यावर निघाले होते. त्या दिवशी दौरा नव्हता.

आज दुपारच्या उदगीर गाडीच्या कंडक्टरनं निरोप आणला. निरोप खुद्द शिवगंगाचा आहे. दुसरी जामीन ती स्वतः राहते म्हणाली. अट एकच. संस्थेच्या कर्जाचं व्याज जास्त, फंडावर मिळणारं कमी. तेव्हा एप्रिल लागला की फंड उतरवायचा, आधी कर्ज फेडायचं, केरबाला पिंप घेऊन द्यायचं, मग खुशाल म्हातारं व्हायचं. खुद्द नवरीच जामीन राहिली तर वसुली कुणाकडून करायची, यावर माणिकप्पा अजून विचार करून राहिलेत, असं कंडक्टर म्हणाला.

त्याची गाडी साडेपाचला परत सुटते आणि त्याला उत्तर पाहिजे. केरबा घागरी खाली ठेवून दारात उभा आहे. हो म्हणून टाका, म्हणतो.

मी तिचा हिशेब पुन्हा एकदा तपासून राहिलो. चूक असणारच. अजून सापडलेली नाही.