रशियन कॅमेऱ्याचं झाकण

आमच्या निकाहाचा फोटो वाळवीनं खाल्ला, आणि तोही शिस्तीत. आधी माझं तोंड, मग माझी शेरवानी, मग काझीसाहेब. गझाला तेवढी शाबूत होती, पण चौकट उघडली तर तिचाही भुगा हातात आला. "नवा काढू," मी म्हणालो. एवढंच म्हणालो.

"फिरोजले बलावते," गझाला लगेच म्हणाली. "त्यानं कॅमेरा घेतला म्हने."

फिरोज म्हणजे तिच्या खालाचा, मावशीचा मुलगा. यवतमाळात लोहारा भागात मोटारी दुरुस्त करतो. उंच आहे, डोक्यावरचे केस सगळे जागेवर आहेत आणि अजून लग्न केलेलं नाही. लहानपणी त्याचं आणि गझालाचं ठरता ठरता राहिलं, हे सासरी दर ईदला हसत हसत सांगतात. सगळे हसतात. मीही हसतो. (शीरखुर्म्याच्या वाटीत तोंड घालून.)

"त्याले कायले तरास?" मी म्हणालो. "मामूचा जपानी रेंजफाइंडर कॅमेरा पडून हाये ना कपाटात. मी काढतो."

"तुमाले येते?"

येत नव्हतं. पण त्या साली कापसाच्या भावाची अशी दैना होती की आमच्या पांढरकवड्याच्या जिनिंगवर गाडीच येत नसे, आणि मी तिथला कारकून. तीन दिवस टेबलाशी बसून कॅमेरा शिकलो. रेंजफाइंडरमध्ये बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. खिडकीत मधोमध पिवळा ठिपका असतो, त्यात माणूस डबल दिसतो. लेन्सची कडी फिरवून दोघांचा एक केला की तो माणूस फोटोत स्वच्छ येतो.

रविवारी फिरोज आलाच. गळ्यात रशियन रेंजफाइंडर, नागपूरच्या जुन्या बाजारातून आठ दिवसांखाली उचललेला. माझा कॅमेरा त्यानं उलटासुलटा करून पाहिला.

"चीज चांगली हाये, दुल्हाभाई. पन याले सेल लागते. सेल बसला का मानूस बसला. माह्यावाला पाहा, नुसतं लोखंड. वजन पाहा."

"वजनावर फोटो येत असन त मी वीट घेतो."

गझाला हसली. कोणाच्या बोलण्यावर, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

शेवटी तिनंच निकाल दिला. दोघांनी एकेक रोल काढायचा, ज्याचा फोटो चांगला तो चौकटीत. पहिला नंबर पाहुण्याचा. आम्ही नवराबायको निंबाखाली खाटेवर बसलो आणि फिरोजनं कॅमेरा डोळ्याला लावला. "गझाला, मान थोडी इकडं. बस, लय छान." मला ते 'लय छान' झोंबलं. मी रागानं त्याच्या लेन्सकडं पाहिलं आणि पाहतच राहिलो. लेन्सवर झाकण तसंच होतं. खिडकीतून त्याला आम्ही दोघं लख्ख दिसत होतो, म्हणून त्याला पत्ता नव्हता.

सांगायला पाहिजे होतं. खरं सांगतो, मी तोंड उघडलंही.

"हां दुल्हाभाई, हेच हसू ठेवा," फिरोज म्हणाला.

मी ते हसू ठेवलं. छत्तीस फोटो होईपर्यंत ठेवलं. एवढा मनापासून मी माझ्या निकाहातही हसलो नव्हतो.

मग माझी पाळी. काढणारा मीच, म्हणून खाटेवर एकटी गझाला. तिच्या मागं कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीचा ढीग दिसत होता, म्हणून चादर लावायची ठरली. एक टोक निंबाला बांधलं, दुसरं फिरोजच्या हातात दिलं. तो कडेला येत होता, पण स्टुडिओत कापून घेऊ म्हटलं. खिडकीला डोळा लावल्यावर माझ्या ध्यानात आलं की हा गडी नेमका माझ्या बायकोच्या पाठीमागं उभा आहे. कुठं पाहून राह्यला? मी ठिपका त्याच्यावर नेला. दोन फिरोज दिसले. मला एकच जास्त होत होता, म्हणून कडी फिरवून दोघांचा एक केला. तो बिचारा चादरीकडं पाहत होता. मग गझालाकडं वळून बटण दाबलं. पुढच्या फोटोआधी पुन्हा खात्री केली. अशी छत्तीस वेळा.

बुधवारी फिरोजचा फोन आला. रोल पार कोरा. "झाकन राह्यलं लेन्सवर."

गझालानं फोन ठेवला. "तुमी त समोरच बसले होते. तुमाले दिसलं नाही?"

"ऊन होतं डोळ्यावर." (आम्ही निंबाखाली होतो.)

 मी घाईघाईनं स्टुडिओतून आलेलं माझ्या फोटोंचं पाकीट उघडलं. छत्तीसच्या छत्तीस फोटोंत गझाला धुकट, आणि मागं फिरोज असा स्वच्छ की मिशीचे केस मोजून घ्यावेत. कापायचं तर आता कोणाला, हाच प्रश्न होता. गझालानं सगळे फोटो सावकाश पाहिले, माझ्याकडं पाहिलं, आणि त्यातला एक निवडून चौकटीत बसवला.

"अवं, हा कायले लावते?"

"तुमीच काढला ना. तोच जिंकला."

गेल्या आठवड्यात तांड्यावरची बिजलीबाई पहिल्यांदाच तूर विकायला आमच्या घरी आली. मापं घालता घालता तिची नजर भिंतीवर गेली.

"मालक चांगले दिसते वं तुये," ती गझालाला म्हणाली. मग खुर्चीत बसलेल्या माझ्याकडं बोट केलं. "अन् हे कोन?"

गझालानं तूर पाखडता पाखडता वरही पाहिलं नाही.

"हे फोटो काढते," ती म्हणाली.