अर्धेरावांचं विमान

या, असे जरा पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलात की डोळा लागतो, आणि ही गोष्ट डोळा लागण्यासारखी नाही. एक विमान होतं आणि ते जमिनीवर धड उभं राहायला तयार नव्हतं. विमान उडत नाही म्हणून रडणारे लोक पुष्कळ. हे टेबलावर टेकेना म्हणून एक घर रडकुंडीला आलं होतं. त्याला टेकवायला घरातलं काय काय खर्ची पडलं आणि शेवटी कुणाच्या मुखातलं काय गेलं, ते सांगतो. चित्त मात्र इकडे असू द्या.

तर पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढणारे एक गृहस्थ होते. नकाशा यांनी काढायचा, नळ दुसऱ्यांनी जोडायचे. त्यामुळे एखादी गोष्ट शेवटाला नेणं हे आपलं काम नव्हे, अशी त्यांची मनोमन खात्रीच होती. कोडं सोडवायला घेतलं तर आडवे शब्द सोडवून उभे ठेवत. दाढी करताना फोन आला तर तसेच ऑफिसला जात. सासरे त्यांच्याकडेच राहायला होते. त्यांनी जावयाला 'अर्धेराव' हे नाव ठेवलं, ते आधी पाठीमागे चाललं आणि मग तोंडावरही चालू लागलं.

अर्धेरावांचा जीव होता विमानांच्या मॉडेलवर. प्लास्टिकच्या चौकटीतून एकेक भाग तोडायचा, घासायचा, चिकटवायचा, रंगवायचा. अशी नऊ खोकी आतल्या खोलीच्या कपाटावर वर्षानुवर्षं पडून होती. एका विमानाला उजवा पंख होता, डावा नव्हता. एक फक्त एका बाजूने रंगवलेलं होतं, म्हणून ते कायम भिंतीकडे तोंड चुकवून असे. एका खोक्यात तर चार वैमानिक तेवढे रंगवून, टोप्या घालून, शिस्तीत बसवून ठेवलेले होते. विमानाचा पत्ताच नव्हता. लेक शाळेत होती तेव्हापासून ते बिचारे ड्यूटीवर हजर होते.

आता लेकीला गावातच नोकरी लागली आणि ती दोन बॅगा घेऊन त्या खोलीत राहायला आली. पहिल्याच दिवशी कपाट उघडताना तिच्या डोक्यावर बॉम्बफेकी विमानाचं खोकं पडलं. झालं. बायकोने कमरेला पदर खोचला.

"अहो, उद्या सकाळी भंगारवाला येतोय. सगळी खोकी त्याला."

"अगं, पण ती व्हायची आहेत अजून!"

"म्हणूनच."

"मी पूर्ण करणार आहे."

"नऊच्या नऊ?" बायको म्हणाली. "मी एकच म्हणते. आज संध्याकाळपर्यंत एक विमान पूर्ण करून शोकेसमध्ये उभं करा. पंख, चाकं, रंग, सगळं. मग उरलेली आठ जन्मभर ठेवा, मी एक शब्द बोलणार नाही. नाहीतर उद्या भंगारात."

"जन्मभर?" अर्धेरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

अण्णा, म्हणजे सासरे, जेवणाच्या टेबलाशी बसून टोस्ट चहात बुडवत होते. अण्णा वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. उभी हयात दुकानादुकानांतून खोटी वजनं पकडण्यात गेलेली. अजूनही भाजीची पिशवी हातात घेतली की "दीड पाव कमी आहे" असं सांगायचे, आणि असायची. ते म्हणाले, "जावईबापूंनी विमान पूर्ण केलं तर मी माझे दात..."

पुढे बोलणं झालं नाही. कारण टोस्टच्या न भिजलेल्या भागावर दात बसला आणि अण्णांचा पुढचा खोटा सुळा, जुन्या पद्धतीचा, चांगला भरीव धातूचा, टण्णकन बशीत पडला.

देवाच्या मनात काय असतं ते माणसाला लगेच कळत नाही. अण्णांना एवढंच कळलं, की उद्या दुपारी निवृत्त निरीक्षकांच्या मेळाव्यात आपलं मुख्य भाषण आहे आणि प्रत्येक 'स'ला तोंडातून शीळ वाजते आहे. दातांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "उद्या सुट्टी आहे, पण सकाळी या. दात मात्र आणा, नवा करायला आठवडा लागेल." अण्णांनी सुळा धुतला, कोरड्या बशीत ठेवला आणि बशी टेबलावर ठेवली.

त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला अर्धेरावांनी विमान मांडलं.

निवडलं ते दोन पंख्यांचं मालवाहू विमान. निवड विचारपूर्वक होती. सगळ्यांत जास्त झालेलं तेच होतं. पोट जोडलेलं, नाक चिकटवलेलं. पुढच्या टोकाची काच, पंख आणि चाकं तेवढी राहिली होती. अर्धेराव बसले ते बसलेच. चहा निवला, परत केला, परत निवला. दुपारी बायकोने डोकावून पाहिलं तर नवऱ्याची जीभ ओठाबाहेर आलेली आणि विमानाला दोन्ही पंख आलेले. तिला एकाच वेळी बरं वाटलं आणि आठ खोकी आठवून वाईटही वाटलं.

संध्याकाळी अर्धेरावांनी हाक मारली, "या रे सगळे!"

सगळे आले. अर्धेरावांनी विमान दोन हातांनी, देव्हाऱ्यातला देव ठेवावा तसं टेबलावर तीन चाकांवर ठेवलं आणि हात काढले.

विमानाने क्षणभर विचार केला. मग पुढचं चाक सावकाश वर उचललं, नाक छताकडे केलं आणि ते शेपटीवर बसलं. कुत्रं बसतं ना, भाकरीची वाट बघत, अगदी तसं.



"झालं पूर्ण?" बायकोने विचारलं.

"झालं की."

"मग हे वर काय बघतंय?"

"उड्डाण घेतंय," अर्धेराव म्हणाले.

"हे उड्डाण नाही," अण्णा म्हणाले, "ही तक्रार आहे." 'स' नसल्यामुळे हे वाक्य मात्र स्वच्छ उमटलं.

अर्धेरावांनी नाकावर टिचकी मारली, आतून पोकळ वाजलं. ज्या विमानाला पुढे एक आणि मध्ये दोन चाकं असतात, त्याच्या नाकात वजन भरावं लागतं, नाहीतर शेपूट जड होते. हे या छंदातलं अगदी पहिलं शिक्षण. सकाळी नाक चिकटवलेलं पाहून अर्धेराव मनाशी म्हणाले होते, वजन न भरता नाक कोण चिकटवेल? असा मूर्ख कोण असेल? आता आठवलं कोण ते. शिसं उद्या आणू, तोवर नाक नुसतं जोडून बघू, म्हणून एका तरुण नकाशेकाराने ते जोडलं होतं. तो उद्या अजून यायचा होता. सगळ्या जगात अर्धेरावांनी नेमका स्वतःवर विश्वास ठेवला आणि तिथेच घात झाला.

"बाबा, शेपटीखाली काडेपेटी ठेवा ना," लेक म्हणाली.

"टेकू दिलेलं चालणार नाही," बायको म्हणाली. "पूर्ण म्हणजे पूर्ण."

पण पुढची काच अजून चिकटवलेली नव्हती. तिथे करंगळीच्या टोकाएवढं भोक होतं. त्यातून वजन आत सारायचं ठरलं. दुकानं तर बंद व्हायला आलेली. अर्धेराव घरातच शोधू लागले.

आधी वाळू घातली. ती चाकाच्या फटीतून टेबलभर गळली; विमानाचं पोट बिघडल्यासारखं दिसू लागलं. मग लेकीच्या फिरत्या खुर्चीच्या चाकातल्या छऱ्यांची आठवण झाली. ते बशीत काढले आणि एकेक आत सारले. नाक जरासं खाली आलं. आशा वाढली. मग बैठकीच्या पडद्याच्या कडेला शिवलेली शिशाची वजनं उसवली. नाक आणखी खाली आलं. मग दाराच्या घंटीतला लोळा काढला, मग आरामखुर्चीचे दोन बुटके स्क्रू. एकेक वस्तू आत जाई, अर्धेराव श्वास रोखून हात काढत, विमान टेकल्यासारखं करी आणि पुन्हा, लाजत लाजत, चाक वर उचले.

"अगदी थोडं," अर्धेराव पुटपुटत. "अगदी एवढंसं कमी पडतंय."

एक विमान पूर्ण होण्यासाठी सगळं घर अर्धवट होत चाललं होतं. लेक फोनवर बोलत खुर्चीत बसली आणि बोलता बोलता तिरपी होऊन पलंगाखाली गेली. शेजारीण दहा वेळा घंटी दाबून "घरात कुणी नाही" म्हणून परत गेली. आणि वजन काढलेला पडदा वाऱ्याने फुगला, आत आला आणि रंगाच्या उघड्या डबीत टोक बुडवून भिंतीवर निळी नक्षी काढून गेला.

"अहो! इकडे या आधी!" बायकोचा आवाज असा आला, की छऱ्यांची बशी आपसूक वाजली. अर्धेराव विमान शेपटीवर बसवून, फडकं घेऊन भिंत पुसायला धावले.

बरंच पुसून आणि त्याहून बरंच ऐकून परत आले, तर काय बघतात? विमान तीन चाकांवर उभं. पुढचं चाक टेबलाला घट्ट टेकलेलं, नाक सरळ, पंख सारखे. टेबलाशी अण्णा पेपर वाचत बसलेले, बाकी कुणी नाही.

"अण्णा, हे... हे टेकलं?"

"मला काय विचारता?" अण्णा पेपरातून म्हणाले. "बहुतेक दमलं असेल."

आतले छरे पुढे घरंगळले असणार, असं अर्धेरावांनी ठरवलं. चांगली गोष्ट घडली की तिची चौकशी करू नये, एवढं शहाणपण त्यांच्यापाशी होतं. विमान पुन्हा बिघडायच्या आत त्यांनी काच चिकटवली, वरून रंगाची रेघ ओढली आणि आयुष्यात पहिल्यांदा एक पूर्ण झालेली वस्तू दोन हातांत धरून उभे राहिले. बायकोने वाकून पाहिलं, डावीकडून पाहिलं, शेपटीखाली बोट घालून पाहिलं. मग शोकेसमधल्या कपबश्या बाजूला केल्या. "आठ खोकी राहू देत," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून हसली. लग्नानंतर एवढं मोठं बक्षीस अर्धेरावांना मिळालं नव्हतं.

जेवायला बसताना बायकोने विचारलं, "अण्णा, दात कुठे ठेवलाय? सकाळी घाईत राहायला नको."

बशी रिकामी होती.

मग जी शोधाशोध झाली तिला सीमा नाही. टेबल हललं, सतरंजी झटकली, कचऱ्याची बादली पेपरावर पालथी झाली. बायको सोफ्याखाली गेली ती फक्त पायांनी घरात राहिली. लेकीने शोकेस हलवून मागे बघितलं, आणि थांबली.

"बाबा," ती म्हणाली, "विमानात काहीतरी वाजलं. टक्. छऱ्यांसारखं नाही, एकटंच काहीतरी."

अर्धेरावांनी टेबलाकडे पाहिलं. छऱ्यांची बशी आणि दाताची बशी शेजारी शेजारी होत्या. शेवटी शेवटी ते न बघताच चिमटीत येईल ते आत सारत होते. आपणच! आपणच सासऱ्यांचा दात विमानाला घातला! नाक उगीच टेकलं नव्हतं.

"मी... मी बॅटरी आणतो," ते म्हणाले, आणि आणली. बादलीत बॅटरी मारली. मग ताटांच्या फडताळात मारली. सोफ्याखालून बायको विचारत होती, "दिसला का?" आणि हे म्हणत होते, "बघतोय." नाक फोडायचं म्हणजे काच गेली, रंग गेला, आज रात्रीत ते पुन्हा होणं नाही, सकाळी नऊ खोकी भंगारात. आणि न फोडावं, तर उद्या भरल्या सभेत म्हातारा माणूस शिट्ट्या वाजवत भाषण करणार. अण्णा खुर्चीत शांत बसून जावयाकडे बघत होते. तराजूच्या काट्याकडे बघावं तसं, कुठे थांबतो म्हणून.

अर्धेरावांनी बॅटरी खाली ठेवली. शोकेसमधून विमान काढलं. हातात कटर घेतला.

"अण्णा," ते म्हणाले, "तुमचा दात यात आहे. माझ्या हातून गेला. लगेच काढून देतो."

सोफ्याखालचे पाय स्तब्ध झाले. अर्धेरावांनी डोळे मिटून कटरचं पातं काचेला लावलं.

"थांबा, जावईबापू."

अण्णा उठले. त्यांनी कटर काढून घेतला.

"तुमच्या हातून नाही गेला. मी घातलाय."

"तुम्ही?"

"इतकी वर्षं वजनं केली मी. तुम्ही छरे, शिसं, घंटीचा लोळा घालत होतात आणि मला इथून दिसत होतं किती कमी पडतंय ते. बरोबर एक सुळा." 'सुळा' म्हणताना चांगली लांब शीळ वाजली, पण कुणी हसलं नाही. "तुम्ही भिंत पुसायला गेलात, मी टाकून बघितला. टेकलं. माझ्या तोंडात तो नुसता चमकायचा. तिथे कामाला लागलाय, राहू दे."

केसांना जळमटं लावून बायको सोफ्याखालून बाहेर आली. "अण्णा! मग तासभर मला कचरा कशाला चिवडायला लावलात?"

"तुझ्या नवऱ्याचं वजन करत होतो," अण्णा म्हणाले. "काटा जरा हलला. पण टेकला."

दुसऱ्या दिवशी मेळाव्यात अण्णांनी शिळेसकट भाषण केलं, आणि म्हणे फार रंगलं. एका जुन्या सहकाऱ्याने विचारलं, "दात कुठे गेला हो?" अण्णा म्हणाले, "विमानात राहिला." त्या भल्या माणसाने विमान कंपनीकडे तक्रार कशी करायची ते सविस्तर समजावून सांगितलं, आणि अण्णांनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं. आठवड्याने डॉक्टरीणबाईंनी नवा सुळा बसवून दिला.

विमान अजून शोकेसमध्ये आहे, तीन चाकांवर. आठ खोकी कपाटावर आहेत. खुर्चीत छरे, पडद्यात शिसं आणि घंटीत लोळा मात्र अजून बसायचा आहे. अर्धेराव उद्या बसवणार आहेत. त्यांच्या घरी गेलात तर घंटी दाबू नका, कडी वाजवा.

आणि एवढं करा. तुमच्या घरात एखाद्याचं काम अगदी एवढ्याशानं अडलेलं दिसलं, तर हसण्याआधी त्या म्हाताऱ्या अण्णांची आठवण काढा, आणि आपल्यापाशी काय सुटं आहे ते चाचपून बघा. देव त्यांना उदंड आयुष्य देवो. शोकेसपाशी मात्र हळू चाला. धक्का लागला, की आत तो दात अजून टक् म्हणतो.