समन्वयाचा मांडव

जाम गावाच्या अलीकडच्या एका खेड्यात पिण्याच्या पाण्याचा पंप सौरऊर्जेवर चालवायचे ठरले. शाश्वत विकासाच्या सतरा जागतिक उद्दिष्टांपैकी शुद्ध पाणी आणि स्वच्छ ऊर्जा ही दोन एकाच खर्चात साधणार होती. सौर पाट्या महादेवरावांच्या घरासमोरच्या कडुनिंबाखाली बसवण्यात आल्या, कारण उद्घाटन मे महिन्यात होते आणि पाहुण्यांना सावली आवश्यक होती.

पाहुणे गेले. पंप चालेना.

समन्वय अधिकारी अभिराम साहेब पाहणीला आले. त्यांनी पाट्यांकडे पाहिले, झाडाकडे पाहिले आणि उद्दिष्टांमध्ये संघर्ष असल्याचे निदान केले. पाट्या हलवता येत नव्हत्या; त्यांचा फोटो जागेच्या नोंदीसह वर गेला होता. हवामान-कृती या उद्दिष्टाखाली झाडाचाही फोटो गेला होता. पण झाड तोडल्याने फोटोला काही होत नाही, हे त्यांनी सरपंच सुरभीताईंना नीट समजावले.

ते झाड महादेवरावांच्या पत्नी भागीरथाबाईंनी लावलेले. त्या गेल्यापासून महादेवरावांना घरात बसवत नसे. त्यांचा दिवस झाडाखालीच जाई.

"साहेब, पाट्या उन्हात सरकवा ना. झाड काऊन तोडता?"

"काका, तुमचं म्हणणं भावनिक आहे. सतरा उद्दिष्टांत ते कुठेच बसत नाही."

"मंग अठरावं काढा."

साहेबांनी ही सूचना हसून स्वीकारली आणि झाड तोडले. लाकडे गरजू महिलांना वाटली, त्यामुळे दारिद्र्यनिर्मूलन आणि स्त्री-सक्षमीकरणही जाता जाता उरकले. पंप सुरू झाला. महादेवरावांच्या नळालाही पाणी आले. त्यांनी बादली भरली, सवयीने झाडाला घालायला निघाले आणि बुंध्यापाशी जाऊन थांबले.

गावाला उत्कृष्ट समन्वयाचा पुरस्कार मिळाला. सोहळा पुढच्या मे महिन्यात. आता सावली नव्हती, म्हणून मांडव घातला. कापड ताणायला आधार हवा होता. तो पाट्यांचाच मिळाला. पाट्या झाकल्या गेल्या, पण पाहुण्यांना ऊन लागले नाही.

पाहुण्यांनी तोटी फिरवली. पाणी आले नाही. फोटोवाल्याने मागून विकतच्या बाटलीची धार धरायला लावली. फोटो उत्तम आला. टाळ्या झाल्या.

मांडव बुंध्याच्या अलीकडेच संपत होता. महादेवराव बुंध्यावर बसले होते.

"काका, उन्हात काऊन बसून राह्यले? आत या, खुर्ची खाली आहे," सुरभीताई म्हणाल्या.

"असू दे बाई. माही जागा हेच आहे."

ती खुर्ची अजून रिकामी आहे. आपण या, बसा. टाळ्या वाजवायला माणसे कमी पडताहेत, आणि आत सावली फार छान आहे.