कडीतला मूग

सोमवारी सकाळी नऊ वाजता प्रेमानंदनं घरातल्या भिंतीवरच्या खिळ्याकडे हात नेला, आणि हाताला नुसता खिळाच लागला. ऑफिसच्या कपाटाची चावी गायब! शुक्रवारी त्याची रजा, शनिवार-रविवार सुट्टी, त्यामुळे गुरुवारनंतर त्या खिळ्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं. आणि नेमके आजच बुलढाण्याचे साहेब संग्रामपूरला ऑफिसच्या तपासणीला येणार होते. सगळं दप्तर त्या एका कपाटात. मागच्या तपासणीत एक फाइल तासभर सापडली नव्हती, तेव्हाच साहेबांनी बजावलं होतं की पुन्हा असं झालं तर बदली, तीही पार लोणारकडे. म्हणजे घरी यायचं आठवड्यातून एकदा. डुप्लिकेट चावी होती म्हणा. पण ती हरवू नये म्हणून या शहाण्यानं मूळ चावीच्याच कडीत अडकवून ठेवली होती.

"माय, माही चावी पाह्यली काय?"

बनाबाई निवांत गवार मोडत बसल्या होत्या. "मी काऊन पाहू तुही चावी? पोट्टीले विचार."

चार वर्षांची छकुली उंबऱ्यावर बसून डावी चप्पल उजव्या पायात कोंबत होती. "म्या पेरली," ती म्हणाली.

"काय पेरली?"

"चावी. म्याडमनं सांगतलं, एक पेरलं का लय येतात. तू रोज चावी-चावी करते ना? आता लय येतीन."

गुरुवारी अंगणवाडीत मूग पेरायला शिकवले होते. शुक्रवारी छकुली खिळ्यावरची चावी सोबत घेऊनच गेली, आणि घरी येताना आजी वाटेत कोणाशी तरी बोलत थांबली, तेवढ्यात नातीनं पेरणी उरकली होती.

"कुठी पेरली, बाई माही?"

"कुत्रं झोपलं होतं तथी."

आता सोनाळ्यासारख्या गावात कुत्र्यांना काय तोटा! आणि शुक्रवारचं कुत्रं सोमवारपर्यंत त्याच जागी झोपून राहील, एवढं आपलं नशीब कुठलं? "दुसरी काही खूण?" म्हणून विचारलं तर छकुली म्हणाली, "वर ढग होता." प्रेमानंदनं कपाळावर हात मारला, पोरीला मोटारसायकलवर पुढे बसवलं आणि अंगणवाडीपर्यंत तीन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेला छकुली रडकुंडीला आली.

"गाडीवरून काईच दिसत नाई, पप्पा. तू लय जोरानं पयते."

तेवढ्यात ऑफिसातल्या हरिओम शिपायाचा फोन. "भाऊ, साहेबायनं खामगाव सोडलं!"

मुकाट्यानं गाडी घरी लावून बापलेक पायी निघाले. छकुलीची अट एकच, शुक्रवारी जसं जसं झालं तसं तसंच करायचं. पहिला मुक्काम हिंमतराव शिंप्याचं दुकान. तिथं रोज एक चिंधी मिळते, आणि ती निवडायला वेळ लागतो. हिरवी घेतली, ठेवली, जांभळी घेतली, गालाला लावून पाहिली. प्रेमानंद घड्याळाकडे बघत पाय आपटत होता. हिंमतराव हसले. "घाई नोका करू भाऊ. पोरगी रोज तुमच्यासाठीच रुमाल निवडते. तुमाले देत नाई काय?"

देत होती. प्रेमानंद तो "हाव, हाव" करत टेबलावर टाकून निघून जात होता.

मग मुंग्या. नाकतोड्याचा एक अख्खा पंख उभा धरून मुंग्या चालल्या होत्या, आणि त्यांना रस्ता ओलांडू दिल्याशिवाय पुढे जायचं नव्हतं. प्रेमानंद नाइलाजानं उकिडवा बसला. पंखावर ऊन पडलं आणि त्यात निळा, सोनेरी, कसलाकसला रंग हलायला लागला. चौतीस वर्षांचा झाला होता गडी, पण नाकतोड्याच्या पंखात एवढा थाट असतो हे त्याला माहीतच नव्हतं!

फोन वाजला. "भाऊ, शेगाव आलं!"

"छकुले, चाल लवकर!"

"थांब ना, पाइप राह्यला." रस्त्याखालच्या नाल्याच्या सिमेंट पाइपात तिनं तोंड घातलं. "छकुलीऽ!" पाइप म्हणाला, "छकुलीऽ..." प्रेमानंदही वैतागून त्यात ओरडला, "लवकर!" आतून तीनतीनदा उत्तर आलं. लवकर, लवकर, लवकर.

छकुली टाळ्या वाजवत म्हणाली, "पाह्य पप्पा, पाइप बी तुयासारखाच बोलते!"

प्रेमानंदला हसू आलं, आणि मधेच थांबलं. या पोरीशी दिवसभरात तो दुसरं बोलतो तरी काय?

पुन्हा फोन. "भाऊ, वरवट आलं! पोचलेच समजा!" या खेपेला त्यानं फोन खिशात टाकला आणि तिचं बोट धरलं.

पाइपाच्या पलीकडे, बाभळीखाली छकुली थांबली. कुत्रं नव्हतं, ढगही नव्हता. पण ओल्या मातीतून एक कोंब वर आला होता, दोन इवल्या पानांचा. टरफल अजून एका पानाला टोपीसारखं चिकटलेलं. "चावी एकटी भेते ना," छकुली कुजबुजली, "म्हणून म्या एक मूग बी ठेवला तिच्यापाशी."

प्रेमानंदनं बोटानं माती बाजूला केली. कोंब नेमका कडीच्या मधून वर आला होता. कडी ओढली असती तर तो तुटला असता. इस्त्रीच्या पॅंटसकट तो चिखलात मांडी घालून बसला आणि श्वास रोखून दोन्ही चाव्या कडीतून काढल्या. कडी मुगाला राहिली. शुक्रवारी जो एक दाणा होता तो असा डोक्यानं माती सारून उभा राहिला होता, आणि हे रोज त्याच्या वाटेवर चाललं होतं. तो बघतच राहिला.

छकुलीला घरी सोडून तो ऑफिसात पोचला तेव्हा साहेब कपाटासमोर खुर्ची टाकून बसले होते. चिखलाची पॅंट त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिली. कपाट उघडलं, सगळ्या फाइली जागच्या जागी निघाल्या. बदलीचं संकट टळलं. जाताना साहेबांनी विचारलं, "चाव्या अशा सुट्या का? कडी कुठंय?"

"तिच्यातून मूग उगवलाय, साहेब."

साहेबांनी पुन्हा एकदा त्या पॅंटकडे पाहिलं. मग पेनाचं टोपण लावत म्हणाले, "पाणी घाला त्याला."

पुढच्या रविवारी सकाळी प्रेमानंदनं खिळ्यावरची चावी हळूच खिशात घातली आणि मोठ्यानं ओरडला, "छकुले, माही चावी कुठी गेली व?"

"आज त इतवार हाये ना बे!" बनाबाई म्हणाल्या.

खिशात चावी खुळखुळली. छकुलीनं ती ऐकली, बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि चपला घालायला बसली, सावकाश, डावी उजव्या पायात.