तलावमित्राचं बोचकं

“बोचक्याला दगड नीट बांधला होतात ना?” नवऱ्याच्या कुर्त्याची घडी सारखी करत सुनंदाबाईंनी विचारलं.

“हळू बोल!” प्रल्हादराव दबक्या आवाजात खेकसले.

गोखिवऱ्याच्या तलावातला गाळ आणि जलपर्णी काढून महिनाही झाला नव्हता. त्या कामात राबल्याबद्दल आज तलावाकाठी प्रल्हादरावांना ‘तलावमित्र’ म्हणून शाल-श्रीफळ मिळणार होतं. आणि आज सकाळीच त्यांनी घरातले भंगलेले देव त्याच तलावात सोडले होते. भंगलेले देव घरात ठेवायचे नाहीत, हे सासूबाईंपासून चालत आलेलं. काठावर निर्माल्य कलश होता, पण त्यात देव टाकायला सुनंदाबाईंचा जीव धजेना. म्हणून त्यांची जुनी लाल साडी, तिच्यात देव, वर गाठ, आणि गुपचूप बुडूक!

मांडव भरला. तलाव समितीचे अध्यक्ष हरिश्चंद्रभाऊ माइक धरून गरजले, “या तलावात कुणी साधं फूल जरी टाकलं, तरी गाठ माझ्याशी आहे!”

एवढ्यात शेजारच्या नर्मदाकाकू किंचाळल्या, “अगं बाई! धावा! कुणीतरी बाई बुडाली!”

पाण्याच्या मध्यावर लाल पदर तरंगत होता. प्रल्हादरावांनी तो लगेच ओळखला. गाठ सुटली होती. त्यात वस्तीच्या आपत्कालीन पथकाचे प्रमुख तेच.

“सर, बघताय काय? शिट्टी वाजवा!” महापालिकेच्या क्षितिजा मॅडम ओरडल्या.

त्यांनी शिट्टी वाजवली. दुसरं काय करणार? पथकातला पट्टीचा पोहणारा विघ्नेश कमरेला दोर बांधून झेपावला. त्याने पदर ओढला, तर अख्खी साडी हातात आली.

“साडी सुटली! बाई खाली गेली!”

मांडवात हलकल्लोळ माजला. प्रल्हादराव काठावरून हात हलवू लागले, “असू दे रे! तू ये बाहेर!”

“असू दे काय, सर? माणूस सापडल्याशिवाय शोध थांबवायचा नाही, तुम्हीच शिकवलंत ना!”

दोर तळापर्यंत पुरेना. विघ्नेशने तो सोडून टाकला आणि बुडी मारली. थोडा वेळ बुडबुडे दिसले. मग तेही दिसेनासे झाले.

सुनंदाबाईंनी नवऱ्याचा दंड घट्ट धरला. “सांगून टाका हो. पोराचा जीव जाईल.”

प्रल्हादरावांनी टेबलावरच्या शालीकडे पाहिलं, मग पाण्याकडे. आणि जिवाच्या आकांताने ओरडले, “खाली बाई नाहीये! आमचे देव आहेत! मीच टाकलेत!”

ते साऱ्या गावाला ऐकू गेलं. ज्याला ऐकू जायला हवं होतं, तो तेवढा पाण्याखाली होता.

“लाज नाही वाटत?” हरिश्चंद्रभाऊ माइकवरून कडाडले. “तलावमित्र म्हणे! अहो, रोज इथे घसा कोरडा करतो मी—”

तेवढ्यात विघ्नेशचं डोकं वर आलं. हातात एक बोचकं होतं. प्रल्हादराव बुटांसकट पाण्यात शिरले, त्याला ओढून बाहेर आणलं आणि टेबलावरची शाल त्याच्याच ओल्या अंगावर टाकली.

सुनंदाबाई बोचक्यावर वाकल्या. “ही गाठ माझी नव्हे. आणि आम्ही फ्लेक्समध्ये कशाला गुंडाळू देवांना?”

क्षितिजा मॅडमनी तो फ्लेक्स उलगडला. आत तुटक्या सोंडेचा गणपती. फ्लेक्सवर हात जोडून हसणारे हरिश्चंद्रभाऊ, आणि खाली ठळक अक्षरांत, ‘तलावात निर्माल्य टाकू नका’.



“खाली अजून बरीच बोचकी आहेत,” धापा टाकत विघ्नेश म्हणाला. “सगळी काढू?”

“नको!” अख्खा मांडव एका सुरात ओरडला. त्यात नर्मदाकाकूही होत्या. सगळ्यांत मोठा आवाज हरिश्चंद्रभाऊंचा आला, कारण माइक अजून त्यांच्याच हातात होता.