कोंडाजीच्या हाताचं नूतनीकरण

माणसाचा हात तुटला की त्याच्यापेक्षा त्याच्या ओळखीच्यांचे हाल जास्त होतात, हे सर्वमान्य आहे. त्याला फक्त हात नसतो. ओळखीच्यांना चेहरा कसा ठेवावा तेच कळत नाही.

मखमलाबादला भाजीपाला पिकवणाऱ्या कोंडाजीचं असंच झालं. एकोणऐंशी साली कडबा कापताना त्याचा उजवा हात कोपरापासून यंत्रात गेला. चाक त्याची बायको चतुराबाई फिरवत होती. "माझ्या हातानं झालं," एवढंच ती म्हणाली आणि त्या दिवसापासून तिचं हसणं बंद झालं. हात परत येणार नव्हता (वैद्यकीय मत). हसण्याबद्दल मात्र कुणी डॉक्टर छातीठोक सांगत नव्हता. म्हणून कोंडाजीनं थट्टा सुरू केली. रोज, नेमानं, औषधासारखी.

समाचाराला आलेले म्हणत, "अरेरे, नेमका उजवाच गेला!"

"व्हय. डावा पहिल्यापासून आळशी. तो मागंच राहिला."

पाहुणे चहा अर्धा टाकून उठत. चतुराबाई कपबश्या उचली.

पुढं एसटीच्या सवलतीसाठी अपंगत्वाचा दाखला काढला. तो दरवर्षी नवा करावा लागे. मधल्या काळात हात उगवला तर सरकारची फसवणूक होऊ नये, ही त्यामागची दूरदृष्टी. कोंडाजीनं दाखला देणाऱ्या साहेबांना बाही सरकवून दाखवली.

"मेथी खुडली की फुटती, साहेब. ह्याला बी पाणी देतोय, पण अजून कोंब नाय."

"पुढच्या वर्षी दाखवा," साहेब गंभीरपणे म्हणाले.

घरी आल्यावर त्यानं हे चतुराबाईला रंगवून सांगितलं. तिनं भाकरी उलटली. ओठ किंचित हलले. पण त्याला हसू म्हटलं असतं तर तीही फसवणूकच झाली असती.

एक्क्याऐंशी साल अपंगांचं म्हणून जाहीर झालं, तेव्हा नाशकातल्या एका मंडळाला सत्कारासाठी तातडीनं अपंग हवे होते. कोंडाजीची निवड एकमतानं झाली. (एका बहिऱ्या गृहस्थांचं नाव मागं पडलं, बहिरेपण फोटोत येत नाही.) अध्यक्ष पाऊण तास हळहळले. मग त्यांनी कोंडाजीच्या डाव्या मनगटावर स्वतः नवंकोरं घड्याळ बांधलं आणि त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं.

कोंडाजीनं घड्याळ कानाशी धरलं.

"घड्याळ झ्याक हाय. पण ह्याला चावी कोणत्या हातानं देऊ? तवा अध्यक्षसाहेबांनी रोज सकाळी आमच्याकडं यावं. चावी द्यावी, चहा प्यावा. जाता जाता म्हशीचा कडबा कापायला हात लावावा. आमची मालकीण चाक लय झकास फिरवती!"

अध्यक्षांनी नकळत दोन्ही हात पाठीमागं नेले. आणि बायकांच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. चतुराबाई! पदर तोंडात कोंबला तरी आवरेना. डोळ्यांतून पाणी गळतंय, खांदे गदगदतायत, आणि ती म्हणतेय, "अवो, गप बसा की!"

कोंडाजी लगेच गप बसला. त्याला एवढंच बोलायचं होतं.

सभागृहाची मात्र पंचाईत झाली. हसावं तर अपंगाला हसल्यासारखं. न हसावं तर विनोद न कळल्यासारखं. मंडळानं यावर ठराव केलेला नव्हता. तेव्हा प्रत्येकानं शेजाऱ्याकडं पाहिलं, आणि शेजारी त्याच्याकडंच पाहत होता.

वाचकांना याबाबत पूर्ण मोकळीक आहे. फक्त हसण्याआधी आपण आत्ता आजूबाजूला कोण आहे ते पाहून घेतलंत, त्याचा आम्ही बोभाटा करणार नाही.