मोरेनची आई

खेळासाठी पात्र तयार केलं की ते दुसऱ्या दिवशी सकाळी तयार करणाऱ्याच्या घरी राहायला येतं. मिरजेत हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच शहाणी माणसं पात्र करताना त्याची भूक बेताची ठेवतात.

वैजयंती आरवाडेने इतका विचार केला नव्हता. तिचं चष्म्याचं दुकान होतं. ती आणि तिची आई पद्मावतीबाई दोघीच राहायच्या. शनिवारी संध्याकाळी दुकान लवकर बंद करून ती रियाज मुजावरच्या माडीवर खेळायला जायची. रियाज कॉलेजात ग्रंथपाल होता आणि खेळ तोच चालवायचा. तो जंगलं, किल्ले, राक्षस यांचं वर्णन करायचा. टेबलाभोवती बसलेल्यांनी आपापलं पात्र आता काय करतं ते सांगायचं. आणि ते जमलं की फसलं हे फासे टाकून ठरायचं.

वैजयंतीने मोरेन नावाचा एल्फ केला. एल्फ म्हणजे जंगलात राहणारे, उंच, टोकदार कानांचे लोक. फासे चांगले पडले. मोरेनला नजर अफाट मिळाली, नेम अचूक मिळाला, स्वभाव शांत मिळाला. मग रियाजने विचारलं, "पूर्वायुष्य काय लिहू, ताई?"

समोर कांदाभजी गार होत होती. वैजयंती म्हणाली, "गाव जळालं. आई, वडील, सगळे गेले. एकटाच वाचला."

"सगळ्यांचं हेच असतं," रियाज म्हणाला आणि त्याने ते कागदावर लिहून टाकलं. त्यात त्याचंही काही चुकलं नव्हतं. ज्याचे आईवडील धडधाकट आहेत तो कशाला राक्षस मारायला बाहेर पडेल?

सकाळी पद्मावतीबाईंनी दार उघडलं. मोरेन उभा होता. पाठीला धनुष्य, केसांत राख, अंगाला धुराचा वास.

"वैजू, कोणी मोरे आलेत," त्यांनी आत हाक मारली आणि त्याच्यासाठी पाणी तापवायला ठेवलं.

मोरेनने आंघोळ केली. राख गेली, वास गेला नाही. बुधवारी सोसायटीचे सेक्रेटरी धामणे भेटायला आले. त्यांनी जिन्यात दोनदा नाक वर करून हुंगलं आणि विचारलं, "पाहुणे किती दिवस आहेत?"

"पाहुणे नाहीत, पात्र आहे," पद्मावतीबाई म्हणाल्या.

"मग हरकत नाही. पाणीपट्टी माणशी लागेल. वासाचं मात्र बघा, वरच्यांना दमा आहे."

मोरेन दुकानात बसू लागला. काच फ्रेममध्ये केसभर जरी तिरकी बसली असली तरी गिऱ्हाईक रस्त्यापलीकडे असतानाच त्याला ते दिसायचं. गिऱ्हाइकांशी तो हळू बोलायचा, म्हाताऱ्यांना हात धरून पायरी उतरवायचा. वैजयंतीला वाटलं, चांगलं झालं, रुळला. शनिवारी ती त्याला घेऊन माडीवर गेली. तो तिच्या खुर्चीमागे उभा राहिला आणि तिने सांगितलं तसे त्याने बाण मारले. एक राक्षस पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोरेनने नाही वाजवल्या.

एकदा जेवताना वैजयंती आईशी भांडली. कारण साधंच होतं, भाजीत मीठ नव्हतं. पद्मावतीबाई म्हणाल्या, "लहानपणापासून हिचं हे असंच. पानावर बसली की नाक मुरडायचं." मोरेनचा हात ताटातच थांबला.

तो म्हणाला, "वैजयंतीताई, माझी आई कशी होती?"

"म्हणजे?"

"मला घर जळताना आठवतं. छप्पर कोसळलं ते आठवतं. रडलो ते आठवतं. पण कोणासाठी रडलो, तिचा चेहरा आठवत नाही. नावही नाही. तुम्हाला माहीत असेल."

वैजयंतीने मिठाची वाटी पुढे ओढली. "कमला," ती म्हणाली.

मोरेनने तिच्याकडे बघितलं. त्याची नजर कशी होती ते वर सांगितलंच आहे. "हे तुम्ही आत्ता ठरवलंत," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याने ताट उचललं, घासून ठेवलं आणि तो गॅलरीत जाऊन बसला.

पद्मावतीबाई लेकीला म्हणाल्या, "दुःख दिलंस आणि ज्याचं दिलंस ते माणूसच दिलं नाहीस. असं कुणी करतं का गं?"

दुसऱ्या दिवशी वैजयंती ग्रंथालयात रियाजकडे गेली. पूर्वायुष्यात थोडी भर घालता येईल का, असं तिने विचारलं. फार नको, एक चेहरा, एक नाव.

"पहिला खेळ झाला की पूर्वायुष्य बंद होतं, ताई," रियाज म्हणाला. "त्याआधी आला असतात तर काहीही लिहिलं असतं. आता त्याची आई हवी असेल तर तिचं वेगळं पात्र करावं लागेल."

"मग करते."

"पण एका खेळाडूला एकच पात्र. नवीन आलं की जुनं जातं."

"कुठे जातं?"

रियाजने पुस्तकावर शिक्का मारला. "जातं," तो म्हणाला.

म्हणून ती बाहुबली चौगुल्यांकडे गेली. तेही शनिवारी खेळायचे. त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि त्यांचं पात्र म्हणजे एक ठेंगणा, दाढीवाला लोहार. तो गल्ल्याशेजारी बसून खिळे मोजत होता. वैजयंतीने सगळं सांगितलं आणि विनवलं, "तुमच्या वतीने मोरेनची आई करा. दोघं एकत्र राहतील."

बाहुबलींनी मान खाली घातली. बोलल्या त्या त्यांच्या पत्नी, सुनंदावहिनी. "म्हणजे हे लोहारभाऊ जाणार. वैजयंती, मला सख्खा भाऊ नाही. भाऊबीजेला मी ह्यांना ओवाळलंय."

लोहाराने खिळे मोजायचं थांबवलं होतं. वैजयंती चहा न घेताच उठली. त्यांना वाईट म्हणायला तिच्याकडे काही कारण नव्हतं.

घरी येऊन तिने मोरेनला जे झालं ते सांगितलं.

"तुमच्याच वतीने करा," तो म्हणाला.

"तू जाशील."

"हो."

"अरे, ती इथे येईल आणि तू नसशील. काय उपयोग?"

"आत्ता ती नाही आणि मीही तिला ओळखत नाही," मोरेन म्हणाला. "ती आली तर ती मला ओळखेल. दोघांपैकी एकाला तरी दुसरा आठवेल. फक्त तिच्या वेळी गाव जाळू नका."

वैजयंतीने नाही म्हणून बघितलं. आठवडाभर टाळलं. पण तो दुकानात येणाऱ्या प्रत्येक म्हातारीकडे बघायचा. एका दुपारी एका बाईला चष्मा लावून देताना तो इतका वेळ तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, की बाई म्हणाल्या, "बाळा, ओळखलं नाही मी." त्या संध्याकाळी वैजयंतीने रियाजला घरीच बोलावलं.

या वेळी घाई कोणीच केली नाही. नाव अलोरा ठरलं. हाक मारायला बरं म्हणून पद्मावतीबाईंनी त्याचं अलोराक्का केलं. रियाजने विचारलं, शक्ती किती, चपळाई किती. वैजयंती म्हणाली, जे पडेल ते लिही, पण आठवण सगळ्यात जास्त ठेव. मग त्या दोघी मोरेनचं लहानपण सांगू लागल्या. तो जन्मला तेव्हा जंगलात पळस फुलला होता. तो उशिरा चालायला लागला. दुधीभोपळा बघितला की उठून जायचा. एकदा ओढ्यात पडला आणि वर आल्यावर पहिल्यांदा टोपी कुठाय म्हणून विचारलं. पद्मावतीबाईंकडे अशा गोष्टींचा साठा होता. बऱ्याचशा वैजयंतीच्याच होत्या, आणि तिने त्या लिहू दिल्या.

मोरेन गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होता. टोपीचं ऐकून तो हसला. त्याला हसताना त्या घरात पहिल्यांदाच कोणी पाहिलं.

"अजून सांगा," तो म्हणाला.

त्यांनी सांगितलं. रियाजचे कागद संपले तेव्हा त्याने पुरवणी जोडली. उठताना मोरेनने पद्मावतीबाईंना वाकून नमस्कार केला. वैजयंतीला म्हणाला, "पहिल्यांदाच एवढं सांगितलं असतंत तर..." आणि वाक्य तसंच सोडून झोपायला गेला.

सकाळी त्याची गादी घडी घालून ठेवलेली होती. धुराचा वास नव्हता. बेल वाजली. दारात एक उंच म्हातारी बाई उभी होती. टोकदार कान, हातात गाठोडं, चेहऱ्यावर लांबून चालत आल्याचा थकवा.

"मोरेन इथंच असतो ना?" तिने विचारलं.

वैजयंतीने तिला आत घेतलं, बसवलं, पाणी दिलं आणि खरं ते सांगितलं. "अक्का, तो गेला."

अलोराक्काने पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं आणि ती हसली. "लहानपणापासून त्याचं हेच. लपून बसायचा. मी हाक मारली की आतूनच ओरडायचा, 'मी नाहीये इथं!' मला कळायचं कुठे आहे ते, तरी मी घरभर शोधायची. सापडला की इतका खूश व्हायचा."

वैजयंतीने आईकडे बघितलं. हे त्यांच्यापैकी कोणीच लिहून दिलं नव्हतं. त्याला ते किती आवडलं असतं, हे तिच्या मनात आलं, आणि सांगायला तिच्याकडे कोणी नव्हतं. ती उठून दुकान उघडायला गेली.

अलोराक्का आता तिथेच राहते. धामण्यांनी पाणीपट्टीत नाव लावून घेतलं आहे. शनिवारी ती माडीवर येते. वैजयंती तिच्या वतीने वाटेत भेटेल त्याला मुलाबद्दल विचारते, आणि रियाज फासे टाकून कोणी पाहिलं नाही असं सांगतो. बाकी दिवशी, संध्याकाळी दिवे लागले की अलोराक्का हाका मारत घरभर फिरते. पडद्यामागे बघते, कपाट उघडते, गॅलरीत डोकावते. पद्मावतीबाई त्या वेळी दिवाणावर पाय वर घेऊन बसतात, म्हणजे तिला खाली नीट बघता येतं.